मदत हवी आहे : छंदासाठी बसलं की वेळ वाया चालल्यासारखा का वाटतो?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहतो, एमआयडीसीत हिशेबाचं काम करतो. आठवड्यातून एकच सुट्टी. त्या दिवशी पहाटे रंगपेटी घेऊन रंकाळा तलावावर जातो आणि तिथला जुना दगडी संध्यामठ समोर ठेवून जलरंगात चित्र काढतो. शाळेपासूनची आवड आहे.

अडचण अशी की आता तिथंही मन लागत नाही. पातळ रंगाचा पहिला हात दिला की तो वाळेपर्यंत थांबावं लागतं, घाई केली तर रंग गढूळ होतो. पूर्वी ती दहा मिनिटं मी नुसता पाण्याकडं बघत बसायचो. आता हात आपोआप मोबाईलकडं जातो आणि ऑफिसचे मेसेज बघतो. मित्र म्हणतात, चित्रं विक, रील टाक, जोडधंदा होईल. त्यांचं चुकत नाही, पण तसं ठरवल्यापासून ब्रशच उचलवेना. दुपारी तासभर झोपलो तरी उठल्यावर अपराध्यासारखं वाटतं. बायको म्हणते, "अहो, दमलाय तर झोपा की!"

जुन्या काळातले चित्रकार आबालाल रहिमान याच गावात राहून रंकाळा, कोटीतीर्थ हे तलाव रंगवत राहिले. त्यांची चित्रं बघितली की वाटतं, एवढं निवांत बघायला आपण कधी शिकणार?

नोकरी, घर सांभाळून छंद जपणाऱ्यांनी सांगा : छंदाचे पैसे करायचे नाहीत हे तुम्ही मनाला कसं पटवलंत? सुट्टीत फोन पूर्ण बंद ठेवता का? आणि विश्रांतीचा वेळ ठरवून घेता, की दमल्यावरच?