४६ व्या वर्षी नवीन काम शिकायचं, कुठून सुरू करू?

चटईवाला_जळगाव: एमआयडीसीत २२ वर्षं चटईच्या मशीनवर काम केलं, दिवाळीत कारखाना बंद पडला. दहावी पास आहे. इलेक्ट्रिकचं काम आवडतं, पण आयटीआयला पोरांबरोबर या वयात घेतील का? घरी सगळे म्हणता राहू दे आता. कोणाला अनुभव असेल तर सांगा भो.

भुसावळकर: दादा, आयटीआयला कमीत कमी वय १४ लागतं, वरची मर्यादाच नाही! इलेक्ट्रिशियन २ वर्षांचा आहे, दहावी चालते, म्हणजे तुमचं शिक्षण आड येत नाही. माझ्या वर्गात बी एक ४० च्या वरचे काका होते, मोटर उघडली की आम्ही सगळे त्यांच्याच भोवती, कारण मशीनचा आवाज त्यांना कळायचा. तुमचे २२ वर्षं वाया नाही गेले, ते घेऊनच या.

ताई_धुळे: सोलर बघा भाऊ. साक्रीजवळ १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून आहे, आणि २०२४ च्या सूर्यघर योजनेत घरच्या छताला ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी मिळते त्यामुळे पॅनल बसवणारे लागतातच. पण २ वर्षं घर कसं चालेल ते आधी वहिनींशी बसून ठरवा, मी ४१ व्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बीए करताना हेच केलं नव्हतं, फार ओढाताण झाली.

चटईवाला_जळगाव: वरची मर्यादा नाही हेच माहीत नव्हतं. सकाळी ६ ते ९ केळीच्या गाड्या भरायचं काम मिळतंय, त्यावर भागेल असं वाटतं. फॉर्म कधी निघता?

भुसावळकर: दहावीच्या निकालाच्या आसपास, ऑनलाइन. दाखला आणि मार्कशीट आत्ताच शोधून ठेवा.