सी अँड ओ कालव्यावर डांबर? अजिबात नको

रानवारा
परवा इथे एकाने लिहिलं की पिट्सबर्गहून वॉशिंग्टन डीसीला सायकलने येताना जीएपी (ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज ही सायकलवाट) संपून कंबरलँडला सी अँड ओचा, म्हणजे चेसापीक अँड ओहायो कालव्याचा, टोपाथ (कालव्याकाठची वाट) लागला की नुसता चिखल आणि मुळं, सगळे १८४.५ मैल डांबरी करा. डोकंच फिरलं वाचून. अहो, खेचरांनी बोटी ओढायच्या म्हणून केलेली वाट आहे ही! १९२४ च्या पुरानंतर कालवा बंद पडला, पुढे तिथे मोटारींसाठी पार्कवे करायचं घाटत होतं आणि वॉशिंग्टन पोस्टनेही त्याचीच बाजू घेतली, तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती डग्लस यांनी १९५४ मध्ये संपादकांना चॅलेंज दिलं की या माझ्याबरोबर चालून बघा. ते चालले म्हणून ही वाट वाचली, आणि आता आपणच डांबर मागायचं?

घाटमाथा
ते मीच लिहिलंय. इतिहास मलाही माहितीये, पण पॉ पॉ बोगद्याच्या अलीकडे पावसात मडगार्ड आणि टायरच्या मधे चिकणमाती इतकी गच्च बसली की चाक फिरेना. काडीने खरवडायची, शंभर पावलं जायचं, परत तेच. बायको मागे रडकुंडीला आलेली, अंधार पडत आलेला, फोनला रेंज नाही. तेव्हा डग्लस आठवत नाहीत हो.

रानवारा
मग मडगार्ड काढायचं आणि जाड टायर घालायचे. आणि तुम्ही ज्याचं एवढं कौतुक करता ते जीएपी तरी कुठे डांबरी आहे? बहुतेक सगळीकडे बारीक चुनखडीच आहे दाबून बसवलेली. शेजारची पोटोमॅक नदी चढली की डांबराचे पोपडे निघणार, खडी निदान परत पसरता येते.

घाटमाथा
बरं बाबा, खडी तर खडी. पण टाका तरी! खालच्या काही टप्प्यांत टाकलीये, तिथे किती फरक पडलाय ते बघून या.

निळीशाई
तुमचं डांबर-खडी चालू द्या, चालणाऱ्यांचं कोण बघणार? टोपाथवर ग्रेट फॉल्स धबधब्यापाशी सासूबाईंना घेऊन गेले होते, मागून एकजण घंटी न वाजवता सपकन खांद्याला घासून गेला, त्या दचकून कालव्याच्या बाजूला कलंडल्या, मी दंड धरला म्हणून वाचल्या. ताशी १५ मैलांची वेगमर्यादा आहे, घंटी सक्तीची आहे, चालणाऱ्याला आधी वाट द्यायची हाही नियम आहे. गुळगुळीत केलंत तर हे लोक अजून सुसाट सुटतील.

टपरीवरचा_चहा
घंटी वाजवली तरी ऐकतं कोण, कानात बोंडं घातलेली! चौघं आडवे चालतात, कुत्र्याचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ब्रेक मारून पडलोय, मनगट अजून दुखतं.

निळीशाई
म्हणजे चूक सासूबाईंचीच म्हणा ना सरळ! सत्तरीच्या बाईने मान वळवून वळवून चालायचं का?

टपरीवरचा_चहा
त्यांना कोण बोललंय? त्या माणसाचं चुकलंच. पण शनिवारी सकाळी तिथे गर्दीत फिरायला जायचं आणि सगळ्या सायकलवाल्यांना एकाच माळेत ओवायचं, हे पटत नाही.

निळीशाई
शनिवारी नाही तर कधी जायचं? आम्हालाही नोकऱ्या आहेत. गर्दी दिसत असताना दोन मिनिटं उतरून सायकल हातात धरून चाललात तर कंबरलँड कुठे पळून जात नाही.

रानवारा
हे मात्र बरोबर आहे. डीसीतल्या जॉर्जटाऊनपासून ग्रेट फॉल्सपर्यंत वेग काढायची जागाच नाही, तो वरती काढा. आणि @घाटमाथा, पाऊस असेल तर हॅनकॉकपाशी वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल (जुन्या रेल्वेमार्गावरची वाट) घ्या, टोपाथला लागूनच आहे. ती डांबरी आहे.