नवीन कार: थर्ड पार्टी मर्यादा ₹6,000 ठेवू की ₹7.5 लाख?

नवी_गाडी_पुणे:
1197 सीसी पेट्रोल गाडी बुक केली आहे. शोरूमच्या कोटमध्ये ‘टीपीपीडी (अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान) ₹6,000 पर्यंत मर्यादित’ अशी ओळ आहे आणि त्यामुळे प्रीमियम थोडा कमी आलाय. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, 100/300/100 पेक्षा खाली जाऊ नकोस (म्हणजे हजार डॉलरमध्ये: एका माणसाच्या दुखापतीसाठी, एका अपघातातल्या सगळ्यांच्या दुखापतीसाठी आणि मालमत्तेसाठी विम्याची मर्यादा). इथे तसे आकडेच दिसत नाहीत. मागे आई-बाबा बसणार, पगारी ड्रायव्हरही ठेवायचा आहे. काय निवडावं?

क्लेम_डेस्क:
अमेरिकेतला हिशोब इथे लागू नाही. आपल्याकडे समोरच्या माणसाच्या मृत्यू किंवा दुखापतीसाठी थर्ड पार्टीला रकमेची मर्यादाच नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनी देते. तुमच्या हातात आहे ती फक्त दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा. खासगी कारला ती ₹7.5 लाख असते. ₹6,000 वर आणली तर सूट किती, तर वर्षाला ₹100!

₹6,000 मध्ये आजच्या गाडीचा एक एलईडी हेडलॅम्पही येत नाही. महावितरणचा खांब पाडला, कुणाच्या दुकानाचं शटर गेलं, तर कंपनी ₹6,000 देऊन मोकळी, उरलेलं मालकाच्या खिशातून. ती ओळ काढायला सांगा, विषय संपला.

थर्ड पार्टीच्या प्रीमियममध्ये घासाघीस करू नका, तो सगळ्या कंपन्यांचा एकच असतो. 1 जून 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे नव्या 1000 ते 1500 सीसी कारला तीन वर्षांचे ₹10,640, वर 18% जीएसटी. डीलरशी भांडायचं ते ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲड-ऑनवर (वरून घेतलेली जादा कव्हर).

सर्व्हेअर_काका:
वरच्या उत्तरात आई-बाबा राहिले. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी कारमधले प्रवासी धरले जात नाहीत. पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही) मात्र ते येतात. सर्वोच्च न्यायालयाचा बालकृष्णन निकाल (2012) त्याच मुद्द्यावर आहे. आता गोम अशी की नव्या गाडीला मिळतं 1+3: ओन डॅमेज एक वर्ष, थर्ड पार्टी तीन वर्षं. ‘तीन वर्षांचा विमा आहे ना’ म्हणून लोक दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज भरत नाहीत. मग गाडीच्या दुरुस्तीचे पैसे तर जातातच, पण मागे बसलेल्यांच्या दाव्यातही कंपनीला हात वर करायला जागा मिळते. पहिल्या वर्षाची शेवटची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

प्रवाशांसाठी वेगळं पीए (वैयक्तिक अपघात) कव्हरही घ्या, माणशी ₹2 लाखांपर्यंत. पगारी ड्रायव्हरसाठी ‘लीगल लायेबिलिटी टू पेड ड्रायव्हर’ (ड्रायव्हरला इजा झाली तर मालकावर येणारी कायदेशीर जबाबदारी) जोडा, वर्षाला ₹50. मालकाचं ₹15 लाखांचं पीए सक्तीचं आहे, पण तेवढं कव्हर दुसरीकडे आधीच असेल तर तसं लिहून देऊन ते वगळता येतं. ते मालक-चालकाचंच असतं, ड्रायव्हरला त्याचा उपयोग नाही.

नवी_गाडी_पुणे:
शोरूमवाला म्हणतो, पॉलिसी निघाली की बदलून देऊ.

क्लेम_डेस्क:
नंतरही बदल होतो, पण त्यासाठी एंडॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची नोंद) काढावी लागते आणि तोवर अपघात झाला तर ₹6,000 च. प्रपोजलची (विम्याच्या अर्जाची) लिंक तुमच्याच मोबाइलवर येते, ओटीपी देण्याआधी ती उघडून वाचा. बऱ्याचदा टीपीपीडीच्या खुणेपाशी आधीच टिक केलेली असते. पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावर ‘लिमिट्स ऑफ लायेबिलिटी’ बघा, तिथे ₹7,50,000 छापलेलं हवं. आणि ड्रायव्हरचं लायसन्स परिवहनच्या साइटवर तपासून घ्या. ते बाद निघालं तर न्यायाधिकरण बहुतेक वेळा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं, आणि मग कंपनी ते तुमच्याकडून वसूल करते.