मदत हवी आहे: डोंगराखालचं घर पावसात सोडायचं नेमकं कधी?

नमस्कार मंडळी. माझं माहेर रायगड जिल्ह्यात, महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका वाडीत आहे. बावीस उंबरे, मागे सरळ डोंगर. घरात आई-आबा दोघंच. आबा ७४ वर्षांचे, आईचे गुडघे गेलेत. भाऊ मुंबईला, मी पुण्यात.

गेल्या श्रावणात घराच्या वर, दीडशे पावलांवर उताराला भेग पडली. चार बोटं सहज आत जातील एवढी. पाणी मुरू नये म्हणून वाडीतल्या पोरांनी दिवाळीनंतर ती चिकणमातीने ठासून बुजवली. आबांनी भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्यात आणि मधे सुतळी बांधलीय, जराशी सैल. ती ताणली तर डोंगर सरकतोय असं समजायचं. रोज सकाळी गुरं सोडताना ते वर जाऊन बघून येतात. परवा फोनवर म्हणाले, "सुतळी सैल आहे गं, तू झोप निवांत." मला काही झोप लागली नाही.

आमच्याकडे २२ जुलै २०२१ कुणी विसरलेलं नाही. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथलंच पाणी सावित्रीतून आमच्याकडे उतरतं. तळिये गाडलं गेलं, केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली. लाईट नाही, फोन नाही, रस्त्यांवर पाणी. तळियेला मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. म्हणजे पहिली रात्र ज्याची त्यालाच काढायची असते, हे मी धरूनच चालते. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथेही दरडी कोसळल्या. आणि २०२३ ची इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. तिथे रात्री झोपेत दरड आली. मला भीती आहे ती रात्रीचीच.

पावसाळ्याच्या तोंडावर स्थलांतराची नोटीस येते. त्यात शाळेत जा असं असतं. शाळा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, मधे साकव, म्हणजे लहानसा पूल. जोराचा पाऊस झाला की पहिल्यांदा बुडतो तो साकवच. पाऊस वाढला की बघू, असं म्हणेपर्यंत वाट बंद झालेली असते. म्हणून निघायचं तर उजेडी, साकव दिसत असतानाच.

पण कुठल्या दिवशी? हवामान खात्याच्या हिशेबात दिवसाला २०४.५ मिलिमीटर किंवा त्याच्या वर गेला की तो अत्यंत मुसळधार. आमच्या घाटाखाली जुलैत असे दिवस येतात आणि जातात. लाल इशारा आला की आबा म्हणतात, "दरवर्षीच असतो." प्रत्येक वेळी घर सोडून डोंगर जागचा हलला नाही, तर चौथ्या वेळी कोण उठेल? म्हणून घरचाच काहीतरी नियम हवाय, आबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल असा.

पाऊस मोजायला मी सरळ बाजूंचा डबा दिलाय, तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचा. तो उघड्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब ठेवायचा. सकाळी साडेआठला पट्टीने मोजायचं, जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस, आणि मग ओतून टाकायचं. एका दिवसापेक्षा लागोपाठ तीन-चार दिवस मुरलेलं पाणी जास्त घातक, हे कळतं. पण किती झालं की निघायचं? सह्याद्रीच्या उतारांवर काम केलेलं कुणी इथे असेल तर अनुभवाने आकडा सांगा. झरा अचानक गढूळ होणं, पऱ्याचं पाणी भर पावसात एकदम कमी होणं, दारं चौकटीत अडकायला लागणं, झाडं-खांब कलणं, डोंगरातून घरघर ऐकू येणं, एवढ्या खुणा आईला पाठ करून घेतल्यात. यातलं काहीही दिसलं तर मोजमाप न बघता निघायचं, तेही पऱ्याच्या कडेने नाही, दरडीच्या वाटेपासून आडवं.

सामानाचं फार काही विचारायचं नाही. सातबारा, रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं प्लास्टिकात गुंडाळून एका झाकणाच्या डब्यात आहेत. आईच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, बॅटरी, काठी, घोंगडी, शिट्टी. १०७७ (जिल्ह्याचा आपत्ती कक्ष) आणि ११२ हे मदतीचे नंबर दाराच्या आत खडूने मोठ्ठे लिहिलेत. फोन बंद पडला तर देवळातली घंटा सलग वाजवायची, असं वाडीत ठरलंय. अजून काही सुटलं असेल तर सांगा.

खरी अडचण गोठ्याची आहे. दोन बैल, एक गाय, आणि गाय गाभण. आबा डोंगराला घाबरत नाहीत असं नाही. २००५ ला जुईत मदतीला गेलेले आहेत ते, त्याबद्दल आजवर घरात एक शब्द बोलले नाहीत. पण दावणीला बांधलेलं जनावर मागे ठेवून त्यांचा पाय निघत नाही. "दावी सोडून द्या, ती आपली आपण जातील" असं मी म्हटलं तर दोन दिवस फोनवर धड बोलले नाहीत. माझं चुकलंच.

कृपया "पुण्याला घेऊन या" असं लिहू नका. दोन पावसाळे प्रयत्न केलाय.

भर (रविवार): सगळ्यांचे मनापासून आभार. गुरांना आधी हलवा, माणसं मागोमाग येतील, हा सल्ला बरोब्बर लागू पडला. पलीकडच्या वाडीत आत्याचा रिकामा गोठा आहे. लावणी आटपली की बैल आणि गाय तिकडे न्यायची, गणपतीपर्यंत तिथेच, पेंढा आत्ताच टाकून ठेवायचा, असं आबा स्वतःहून म्हणाले. मग रोज संध्याकाळी धारेला आणि वैरणीला साकव ओलांडावाच लागेल, आणि पाऊस असला तर मुक्काम तिकडेच.

आता प्रश्न एवढाच उरलाय की गाय जुलैच्या मध्यावर विणार. तेव्हा तिला भर पावसात चालवत न्यायची, की लावणीची वाट न बघता जूनच्या सुरुवातीलाच आत्याकडे बांधायची? नव्या जागी विताना बुजेल का? गुरं पाळलेल्या कुणीतरी सांगा, आबांना उद्या रात्री फोन करायचा आहे.