मदत हवी आहे: तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल

नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या वस्तीत शाळा आणि मंडळ मिळून यंदा तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण) भरवतोय. पहिली ते चौथीची 40 पोरं, निम्म्यांकडे बैलच नाही. इतवारीच्या बाजारात विचारलं, भाव चढलेत, भाड्याने कोणी देत नाही. ओळखीच्या सुताराकडे आधीचीच कामं पडून आहेत. पुठ्ठ्याचे करून पाहिले, चाकंच टिकत नाहीत (त्यात पावसाचा काय भरवसा!). तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक), म्हणजे महाल-इतवारीकडे गाडी नेणं अशक्य; बैल आदल्या दिवशीच हातात हवेत. वीतभर उंचीचे, चाकवाले, रंग उडालेलेही चालतील, सजावट आम्ही करू. बोजाऱ्याची (पोरांना द्यायच्या खाऊ-पैशांची) सोय झाली आहे, अनामतही देऊ. दक्षिण नागपुरात असे 20 बैल दोन दिवसांसाठी भाड्याने किंवा उसने कुठे मिळतील?