दमा असलेल्या मुलांना शाळेत काय शिकवावे?

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर)
माझ्या चौथीच्या वर्गात दमा असलेली दोन मुले आहेत. दोघांच्याही दप्तरात पंप असतो, परंतु धाप लागली तरी ती लपवतात, कारण सर्वांसमोर पंप तोंडाला लावण्याची त्यांना लाज वाटते. शिवाय त्याची सवय लागते, असे एकाच्या घरच्यांनी त्याच्या मनात भरवले आहे. औषध ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, पण वर्गात मी त्यांना काय शिकवू शकते?

उत्तर १ (बालरोगतज्ज्ञ)
सवय लागण्याची भीती आधी काढायला हवी आणि त्यासाठी दोन पंपांमधला फरक मुलालाच समजावून सांगावा. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करतो, म्हणून तो दप्तरात हवा. ब्युडेसोनाइडसारख्या औषधाचा पंप आतली सूज हळूहळू उतरवतो, म्हणून तो डॉक्टर सांगतील तितके दिवस, बरे वाटत असतानाही घरी नियमित घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. नऊ वर्षांच्या मुलाला हे चित्र काढून दाखवले की नीट कळते, मोठ्यांनाच पटायला वेळ लागतो.

खरी अडचण पंप घेण्याच्या पद्धतीत असते. पंप हलवून स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळकांड्याला, लावावा, तोंडाशी येणारी नळी ओठांत घट्ट धरावी, एका वेळी एकदाच दाबावा आणि पाच-सहा संथ श्वास घ्यावेत. घाईत लागोपाठ दाबल्यास बरेचसे औषध स्पेसरच्या आतच चिकटून राहते. माझ्याकडे वर्षभर येणारी मुलेही यात चुकतात, म्हणून मी प्रत्येक भेटीत त्यांनाच करून दाखवायला सांगतो.

उत्तर २ (क्रीडाशिक्षक)
अशा मुलांना खेळाच्या तासाला कडेला बसवून ठेवू नये, एवढी विनंती. डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पंप घ्यावा आणि हळूहळू अंग मोकळे करून मगच पळावे. छाती आवळल्यासारखी वाटताच किंवा कोरडा खोकला सुरू होताच थांबून सांगायचे, एवढे मुलांना शिकवले आणि थांबल्याबद्दल कोणी हसले नाही, तर लपवण्याचे कारणच उरत नाही. ऑस्ट्रेलियातील ‘ट्रिपल ए’ उपक्रमात मोठ्या वर्गांतील विद्यार्थी धाकट्यांना दम्याविषयी शिकवतात. सातवीच्या मुलांकडून आपल्याकडेही तसे करून पाहता येईल.

उत्तर ३ (पालक, पुणे)
डॉक्टरांनी लिहून दिलेली कृती-योजना वर्गशिक्षकांकडे असावी. मुलाला सलग वाक्य बोलता येत नसेल, बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला आडवे न करता ताठ बसवून योजनेनुसार पंप द्यावा आणि पालकांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दप्तरातला पंप मुदतीत आहे का आणि त्यात औषध शिल्लक आहे का, हे दर महिन्याला मुलालाच पाहायला लावावे. आमच्या मुलाकडे हे काम सोपवल्यापासून आम्हाला आठवण करून द्यावी लागत नाही.