अंगठीतली थरथर बोटाला वाचता येईल का?

सोल्डरबहाद्दर:
आत्या जन्मापासून अंध, ब्रेल झरझर वाचते. आता ऐकूही कमी येतंय. म्हणून अंगठी करतोय: शर्टाच्या बटणाएवढी १० मिमीची मोटर वेल्क्रोच्या पट्टीत शिवलेली, तारा मनगटावरच्या डबीत. बेलला एक झटका, फोनला दोन, कुकरला तीन. दोनपर्यंत ठीक. तीनला आत्या म्हणते, "झटके कसले रे, माशी अडकल्यासारखं नुसतं गुणगुणतंय." झटका ८० मिलिसेकंदांचा, फट तेवढीच. कुठे चुकतंय?

कॉइलकाका:
मोटर चुकतेय. तिच्यात एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं. त्याला वेग घ्यायलाच वेळ लागतो, वीज तोडली तरी गरगरत राहतं, त्यात तुमची फट बुजते. शिवाय व्होल्टेज उतरवलं की जोराबरोबर कंपनसंख्याही उतरते. एलआरए (लिनियर रेझोनंट अ‍ॅक्च्युएटर, वेगळ्या प्रकारची कंपन-मोटर) घ्या. त्यात स्प्रिंगवरचं वजन एका ठरावीक कंपनसंख्येला हलतं, साधारण १७५ ते २३५ हर्ट्झ. बोटाला २५० च्या आसपासची थरथर सगळ्यात चांगली कळते, म्हणजे जमलंच. पण ती थेट बॅटरीवर चालत नाही. डीआरव्ही२६०५एल ही मोटर चालवणारी चिप लावा, ती ब्रेकही मारते.

सहा_टिंबं:
आत्याला ब्रेल येतं आणि तुम्ही झटके मोजायला लावताय? जपानचे सातोशी फुकुशिमा ९ व्या वर्षी अंध, १८ व्या वर्षी बहिरे झाले. त्यांच्या आईने त्यांच्या बोटांवरच ब्रेल टंकायला सुरुवात केली: दोन्ही हातांची तर्जनी, मधलं बोट, अनामिका म्हणजे ब्रेलरच्या (ब्रेल टंकायच्या यंत्राच्या) सहा कळा, एका टिंबाला एक. पुढे ते तोक्यो विद्यापीठात प्राध्यापक झाले. आधी आत्याच्या बोटांवर स्वतः टंकून बघा, फुकट आहे.

सोल्डरबहाद्दर:
काका, एलआरए मागवली. तोवर फट २५० मिलिसेकंद केली, तर तीन झटके मोजता आले.

टिंबंराव, काल आत्यासमोर बसून 'चहा' टंकलं. ती म्हणाली, "चजघ म्हणजे काय?" समोर बसल्याने माझा डावा हात तिच्या उजव्यावर, म्हणजे डावी-उजवी टिंबं उलटी! 'च' म्हणजे टिंब १ आणि ४, दोन्ही तर्जन्या, तो वाचला. 'ह'चा 'ज' झाला, काना 'घ'. मग शेजारी बसलो. तिसऱ्या प्रयत्नात, "आत्ता? जेवण झाल्यावर?"

चहा केलाच तिने. अंगठ्या मात्र सहा लागणार. पातळ वेल्क्रो पुण्यात कुठे मिळेल?